पेटी नादाची, माप विवेकाचे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा सूर्य सह्याद्रीच्या या कुशीत बहुधा ढगांआडूनच उगवतो. भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील खाचरांत भात तरारून आलेले असते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्या दुथडी वाहत असतात. आणि पावसाने धुतलेल्या वाटांवरून श्रीगजाननाची मूर्ती घराघरांत येते. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घातले जाते, झांजा वाजतात आणि लहानथोरांच्या मुखातून एकच जयघोष उठतो. या मंगलप्रसंगी आमच्या वाचकांपुढे एका सुताराच्या पेटीचा विषय मांडावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ती पेटी आता आपल्या उत्सवात, आपल्या अंगणात, किंबहुना आपल्या देवघरापर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द शांतपणे बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही पेटी म्हणजे मोटारगाडीच्या डिकीत ठेवावयाची वूफरची पेटी. खर्जातील अतिमंद्र स्वर, म्हणजे साधारणपणे सेकंदास २० ते १०० कंपनांचा आवाज, उमटवणारा मोठा स्पीकर तीत बसवतात. तरुण मंडळी तिला नुसते ‘बेस’ म्हणतात. बाजारात ती तयार मिळते. परंतु आपल्या गाडीच्या मापाने ती स्वतः बांधण्याची हौस आता गावोगावच्या मुलांना लागली आहे.

गतवर्षी गणेशोत्सवात आम्ही या भागातील एका घरी सायंकाळच्या आरतीस बसलो होतो. आरती संपत आली असता देवापुढच्या ताम्हनातील पळी आपोआप थरथरून वाजू लागली. कोणी हात लावला नव्हता. दोन आळ्या पलीकडे मिरवणुकीच्या तयारीत एक गाडी डिकी उघडून उभी होती आणि तिच्यातील खर्जाने भिंती ओलांडून देवघर गाठले होते. घरातील वृद्ध गृहस्थांनी शांतपणे ताम्हनावर हात ठेवला. ते स्वतः सुतारकाम केलेले. आणि ती पेटी, मागाहून कळले, त्यांच्याच नातवाने त्यांच्याच हत्यारांनी बांधलेली. आम्ही काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “पेटी झ्याक केलीया पोरानं. पण गाडीची पेटी ती. तिनं आमचं घर कशाला वाजवायचं?”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे. वडील माणसे या पेटीला सरसकट शिव्याशाप देतात. तरुण मुले तो शाप कानांआड करून पेटी आणखी मोठी करतात. त्या आजोबांनी या दोन्ही वाटा सोडून तिसरी धरली. त्यांनी नातवाच्या हातातील कसबाचे कौतुक केले आणि त्या कसबाचा प्रयोग कोठे व्हावा, एवढेच विचारले. आम्हांसही हीच वाट योग्य वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नादासाठी पोकळी घडविणे ही काही परकी विद्या नव्हे. वीणेचा आणि तंबोऱ्याचा भोपळा, पखवाजाचे कोरलेले खोड, गोंधळ्याच्या संबळाची जोडी, आणि आपण जिला प्रेमाने नुसते ‘पेटी’च म्हणतो ती हार्मोनियम, या साऱ्यांत नादाला देह देणारी एक पोकळी असते. पखवाजवादक वादनापूर्वी डाव्या तोंडाला कणकेचा लेप का देतो? त्या वजनाने कातड्याचे कंपन मंदावते आणि खर्ज घुमू लागतो. उजव्या तोंडावरची शाई स्वराला सुरेल करते; यामागील शास्त्र सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आणि पुढे १९३४ साली आपल्या शोधनिबंधांतून जगापुढे मांडले. वूफरचा जड पडदा आणि पखवाजाचे कणीक लावलेले तोंड यांचे नाते चुलत भावंडांचे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देवळाचा दगडी सभामंडप हीदेखील एक पेटीच आहे. नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभे राहिलेले बनेश्वराचे मंदिर आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. तेथील घंटेवर १६८३ हे साल आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. दूर देशीच्या कारागिराने ओतलेली ती घंटा आज शिवाच्या दारी वाजते आणि कोणासही परकी वाटत नाही. वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणत्या सेवेस लागली, याला आपल्या परंपरेने अधिक महत्त्व दिले आहे. मग वूफरच्या पेटीलाच केवळ ती नवी आहे म्हणून दोष देणे न्यायाचे होणार नाही.

आता ही पेटी करते काय, ते पाहू. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणी पडद्यामागची हवा विरळ होते. उघड्यावर ठेवलेल्या स्पीकरात हे दोन परस्परविरोधी तरंग कडेने वळून एकमेकांस भेटतात आणि खर्जाचा स्वर जागच्या जागी विरून जातो. पेटीचे पहिले काम म्हणजे पाठीमागच्या तरंगाला अडवून धरणे. दुसरे काम आत कोंडलेल्या हवेचे. ती हवा स्प्रिंगप्रमाणे पडद्याला मागे खेचते आणि त्याची हालचाल आवरून धरते. एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली या हवेच्या स्प्रिंगचा उपयोग करून लहान पेटीतही खोल खर्ज मिळवून दाखविला. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या वर्षांत असे गणित बसविले की, स्पीकरचे गुणधर्म ठाऊक असल्यास पेटीत हवा किती असावी हे आधीच काढता येते. तोवर जे अंदाजाने चालत असे, ते या गणिताने मापात आणले.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. एक पूर्ण बंद. दुसरीस एक नळी ठेवलेली असते; रिकाम्या कळशीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती जशी एका ठरावीक सुरात घुमते, तशी ती नळीची पेटी आपल्या ठरलेल्या सुरात घुमते. नळीची पेटी त्याच शक्तीत अधिक आवाज देते. पण ती आकाराने मोठी लागते, नळीची लांबी आणि रुंदी काटेकोर असावी लागते, आणि ठरल्या सुराच्या खालचा स्वर तीत शिरला तर पडद्याला आवर घालणारे काही उरत नाही. बंद पेटी लहान, साधी आणि क्षमाशील; मापात थोडे कमीअधिक झाले तरी निभावून नेणारी. मृदंगाची थाप जशी पडली तशी स्वच्छ ऐकावयाची असेल, तर नवशिक्याने बंद पेटीच बांधावी.

बारा इंची वूफरला बंद पेटीत साधारणपणे ३० लिटर हवा पुरते. अर्थात स्पीकरसोबत आलेल्या कागदावर जे माप दिले असेल तेच प्रमाण मानावे. आतून ३६ सेंटिमीटर लांब, ३६ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर खोल अशी पेटी धरली, तर तिन्हींचा गुणाकार करून त्यास १,००० ने भागले असता ३२.४ लिटर येतात. स्पीकर स्वतः दोन-अडीच लिटर जागा अडवतो. उरतात सुमारे ३० लिटर. फळी १८ मिलिमीटर जाडीची घेतल्यास बाहेरचे माप प्रत्येक बाजूस ३.६ सेंटिमीटरने वाढते, हे विसरू नये. नाहीतर पेटी तयार होते आणि डिकीत शिरत नाही.

लाकडाच्या निवडीत आपल्या मुलखाचा पाऊस ध्यानी धरला पाहिजे. शहरात भुसा दाबून केलेले एमडीएफ वापरतात, कारण ते सपाट असते आणि कापण्यास सोपे जाते. परंतु राजगड असे नामांतर झालेला वेल्हे तालुका आणि भोरचा पश्चिम भाग येथे आषाढ-श्रावणात हवाच ओली असते. एमडीएफ ओल पिऊन फुगते आणि स्क्रूची पकड सुटते. येथे पाण्याला टिकणारे चांगले प्लायवूड घ्यावे. सांध्यास सरस सढळ हाताने लावावा, स्क्रू जवळजवळ घ्यावेत आणि आतून प्रत्येक सांधा सिलिकॉनने बुजवावा. कारण सुईएवढ्या फटीतूनही हवा शीळ घालीत बाहेर पडते आणि हवेची स्प्रिंग ढिली होते. आत एक आडवी पट्टी टाकावी, म्हणजे भिंती थरथरणार नाहीत. पेटीच्या भिंती थरथरल्या, तर तो आवाज गाण्याचा नसतो, लाकडाच्या कण्हण्याचा असतो.

याहून महत्त्वाच्या गोष्टी दोन. वीज नेणारी जाड तांब्याची तार बॅटरीपासून निघते, तेथेच अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो नसेल आणि तार पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटण्यास वेळ लागत नाही. दुसरे असे की स्पीकरसह ही पेटी १५ किलोंच्या आसपास भरते. ती डिकीत नुसती ठेवू नये, बोल्ट लावून जखडावी. वरंध घाटाच्या वळणावर अचानक ब्रेक लावावा लागला, तर सुटी पेटी मागच्या आसनावर बसलेल्या लेकराच्या पाठीवर आदळेल. कसब ते, जे घरातील माणूस सुखरूप ठेवते.

इतके केल्यावर आमच्या तरुण मित्रास एक आश्चर्य अनुभवास येईल. गाडीच्या काचा बंद करून आवाज अगदी बेताचा ठेवला, तरी एखाद्या अभंगातील मृदंगाचा खर्ज समोर कोणी वाजवीत असल्यासारखा अंगाला भिडेल. याचे कारण असे की ४० कंपनांच्या स्वराचा एक तरंग सुमारे साडेआठ मीटर लांब असतो. गाडीचा कोठा त्याहून लहान असल्यामुळे तेथे तरंग न उमटता सबंध कोठ्यातील हवाच एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि खर्जाला फुकटचे बळ मिळते. गाडी ही वूफरच्या पेटीची दुसरी, मोठी पेटीच होते. परंतु डिकी उघडली की ते बळ त्याच क्षणी नाहीसे होते. मग तोच परिणाम साधण्यासाठी मुले ॲम्प्लिफायरची कळ पिळत जातात. आवाज दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दहापट वीज ओतावी लागते. स्वर फाटतो, पडदा जळतो, आणि ऐकणाऱ्यास मिळते ती केवळ धडधड. आजोबांचे ते वाक्य असे शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. गाडीची पेटी गाडीतल्या माणसांसाठी असते. ती गावासाठी वाजवू लागताच तिचा गुण जातो आणि उपद्रव तेवढा उरतो.

या उपद्रवाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. झांजेचा तीक्ष्ण आवाज भिंतीला अडतो, खिडकी लावली की उणावतो. खर्जाचा लांब तरंग मात्र भिंतीस फारसा जुमानत नाही. तो पत्रा, काच आणि फळ्यांवरची भांडी हलवीत आत येतो. आवाज मोजण्याचे जे यंत्र सर्वत्र वापरतात, त्याचे माप माणसाच्या कानाच्या कलाने ठरविलेले असल्याने ५० कंपनांचा स्वर ते सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. यंत्रावरचा आकडा सौम्य दिसतो आणि घरात हृदयविकाराने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या छातीवर ठोके पडत राहतात. नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीच्या कुशीतले मूल दचकून उठते. गोठ्यातली गाय दावे ताणते. ही सारी त्याच गणरायाची लेकरे, ज्याच्या नावाने हा गजर चाललेला असतो.

आणि ज्यांनी कळ पिळली त्यांचे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने कानांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. १०० डेसिबलला त्या आवाजाची शक्ती शंभरपट होते. त्या हिशेबाने आठवड्याची सारी शिदोरी अवघ्या २४ मिनिटांत संपते. मिरवणुकीत गाडीमागे चालणारा मुलगा चार-चार तास चालतो. कानातील जे सूक्ष्म तंतू एकदा मरतात ते पुन्हा उगवत नाहीत. विसाव्या वर्षी नाचताना गमावलेले ऐकणे चाळिसाव्या वर्षी कीर्तनात बसल्यावर आठवते.

कायदाही याविषयी स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिवर्धकास मनाई केली आहे. सणांच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, तोही वर्षातून १५ दिवसांहून अधिक नाही. त्याच वर्षी मद्रासमधील एका प्रार्थनागृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, ध्वनिवर्धक लावून वा ढोल बडवून इतरांची शांती मोडून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. हा निर्वाळा एका धर्मास नव्हे, सर्वांस लागू आहे.

परंतु येथे आम्हांस वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलांच्या डॉल्बीवर संतापणारे आपण पहाटे देवळाच्या शिखरावरचा कर्णा मोठ्याने लावतो, तेव्हा शेजारच्या आजाऱ्याचा विचार करतो काय? शेकडो ढोल एका अरुंद पेठेत घुमवितो, तेव्हा ते केवळ परंपरेचे म्हणून कानांस गोड होतात काय? मर्यादा ही नव्या वाद्यास एक आणि जुन्या वाद्यास दुसरी, अशी असू शकत नाही. आपण ती पाळली, तरच मुलांना सांगण्याचा अधिकार आपल्यास उरतो.

भोर-वेल्ह्याच्या मातीत मिरवणुकीला उणीव कशाची आहे? मावळपट्ट्यातील ढोल-लेझीम ऐकावयास पुणेकर आजही थबकतात. गावोगावी भजनी मंडळे आहेत, एकेक मृदंग आणि दहा-बारा टाळ एवढ्या सामग्रीवर ती रात्र उजळून टाकतात. भोरच्या राजवाड्यातील रामनवमीच्या उत्सवात कीर्तनकाराच्या शब्दाला श्रोते आपण होऊन शांततेची जोड देतात. तोरण्यावरील मेंगाईच्या आणि राजगडावरील पद्मावतीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांच्या मनगटात ढोलाचे टिपरू फिरविण्याचे बळ नाही, असे कोण म्हणेल? मिरवणूक त्यांच्या मनगटांनी वाजावी. गाडीतली पेटी प्रवासात वाजावी. विंझर-मार्गासनीहून नसरापूरकडे येताना, आईवडिलांस सोबत घेऊन, काचा बंद करून, एखादा अभंग लावावा. ती पेटी बांधणाऱ्या हातांचे चीज तेथे होईल.

म्हणून आमची घरोघरच्या गृहस्थांस विनंती आहे की, मुलगा फळ्या घेऊन ओट्यावर बसला तर त्यास हुसकावू नका. त्याच्या हाती माप द्या, काटकोन तपासून द्या, सांध्यास हात लावून पाहा. जो मुलगा पाव सेंटिमीटर चुकला म्हणून फळी पुन्हा कापतो, तो मापाचे महत्त्व जाणतो. त्यास मग एवढेच सांगावयाचे उरते की, बाळा, पेटीला जसे माप आहे तसे आवाजालाही आहे. पहिले फूटपट्टीने घ्यावे, दुसरे शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहून.

घरोघर या दिवसांत अथर्वशीर्षाची आवर्तने होतील. त्यातील गणेशविद्येच्या निरूपणात बीजमंत्राची अक्षरे सांगून झाल्यावर त्यांना सांधणारा म्हणून नादाचा निर्देश केला आहे. नादाचे काम जोडणे हे आहे: अक्षरास अक्षर, माणसास माणूस, आणि माणसास देव. जो आवाज वृद्धास देवघरातून उठवितो, तान्ह्यास रडवितो आणि नातवास आजोबांपासून दुरावतो, तो कितीही मोठा असला तरी नाद नव्हे.

त्या घरच्या आजोबांनी ताम्हनावर ठेवलेला हात आम्हांस अजून आठवतो. यंदाच्या चतुर्थीला तो हात ताम्हनावर न जाता नातवाच्या पाठीवर जावा, आणि पळी केवळ आचमनाच्याच वेळी वाजावी, एवढी सुबुद्धी श्रीगजाननाने आम्हां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.